लेकीच्या मागून चालताना

एसटीच्या वाहकाचं तोंड कायम गाडीच्या आत असतं. ड्रायव्हर रस्ता बघतो, प्रवासी खिडकीबाहेर बघतात आणि वाहक माणसं बघतो. कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचं तिकीट राहिलं, कुणाचं पोर झोपेत सीटवरून घसरतंय, वेबिल आणि कॅश जुळतेय का. सातारा आगारात माझी सारी नोकरी याच कामात गेली. यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोलीला जाणारी मुक्कामी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेव्हापासून फुलांच्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. प्रवासी "ते बघा, ते बघा" करत एका बाजूच्या खिडक्यांवर झुकायचे आणि मी सुट्ट्या पैशांची जमवाजमव करत त्यांच्यातून वाट काढायचो. याची मला खंत नाही. गाडीभर माणसं सुखरूप पोचवण्यात जे समाधान असतं, ते मी पोटभर घेतलं. पण त्या कामानं नजरेला एक वळण लागतं आणि ते घरी आल्यावरही राहतं. घरातही मी दाराशी उभा राहून मोजणाराच. लेकीची फी भरली का, ती हॉस्टेलवर पोचली का, शेवटची गाडी तिला मिळाली का.

निवृत्त झालो आणि लेक म्हणाली, "अप्पा, आता तुम्ही खिडकीत बसायचं."

ती पुण्यात नोकरी करते. कंपनीच्या कामानं जपानात ओसाकाला गेली होती, तेव्हा सुट्टीच्या दिवशी एका डोंगरावर जाऊन आली. कोयासान त्याचं नाव. रात्री तिचा फोन आला. तिथं बाराशे वर्षांपूर्वी एक महात्मा समाधीला बसला, तो गेलेलाच नाही असं लोक मानतात, रोज दोन वेळा त्याला जेवण नेतात, असं सगळं एका दमात सांगून म्हणाली, "अप्पा, इथं पण एक आळंदी आहे. तुम्हाला आणायचंय मला."

मी माळकरी. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीच्या सोहळ्याला जायचा माझा नेम, आणि तिला रजा मिळत होती ती नेमकी त्याच दिवसांत. मनाची फार ओढाताण झाली. शेवटी आमच्या दिंडीतल्या विणेकरीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "जावा की. माउली काय आळंदीतच बसल्यात व्हय?" त्या एका वाक्यावर मी निघालो. तिची आई माहेरच्या आजारपणात अडकली होती, त्यामुळं आम्ही दोघंच. पासपोर्ट, व्हिसा, विमान हे सगळं लेकीनं केलं. मुंबईहून निघून मध्ये विमान बदललं आणि आम्ही ओसाकाला उतरलो.

पहिली परीक्षा नाम्बा स्टेशनात झाली. माणसांचा लोंढा, वर-खाली जाणारे जिने, एक अक्षर वाचता येत नाही. जन्मभर लोकांना गाडी दाखवणारा माणूस मी. कुठल्याही स्टँडवर उतरलो तरी दोन मिनिटांत फलाट शोधणार. इथं मात्र समोर फक्त लेकीची निळी सॅक होती. ती चालली की मी चालायचं, ती थांबली की थांबायचं. ती मोबाइलमध्ये बघायची, मान वर करायची, पुन्हा बघायची आणि "हिकडनं, अप्पा" म्हणून वळायची. कीर्तनात किती वेळा ऐकलंय, सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळं व्हावं. मान डोलवली होती, पण भार टाकल्यावर खांद्याला काय वाटतं ते ठाऊक नव्हतं. आपला भार कुणावर तरी खरोखर टाकायचा तर आधी हात रिकामे करावे लागतात, आणि माझ्या हातांना रिकामं राहायची सवयच नव्हती. पहिला अर्धा दिवस मी दर वळणावर तिला विचारत होतो, "नक्की ना?" दुपारनंतर ते आपोआप थांबलं. त्यानंतर मला दिसायला लागलं. ती गर्दीत म्हाताऱ्या माणसाला आधी वाट देते. चुकलं की कपाळावरची बट मागं सारते, तिच्या आजीची सवय. कुणाला काही विचारायचं असलं की आधी वाकून नमस्कार करते, उत्तर मिळालं की पुन्हा करते, आणि त्यात उपचार नसतो. हे सगळं ती कधी शिकली? मी तर तिच्या पाठीमागंच होतो की सारा काळ.

नाम्बाहून कोयासानकडं जाणारी गाडी हाशिमोतो सोडलं की डोंगरात शिरते. वळणं, बोगदे, एकेरी रूळ. लेकीनं मला खिडकी दिली होती, पण मी उठून सगळ्यात पुढच्या डब्यात मोटरमनच्या केबिनच्या काचेमागं जाऊन उभा राहिलो. तरुण पोरगा होता, हातात पांढरेशुभ्र हातमोजे. प्रत्येक सिग्नल आला की तो उजवा हात उचलून बोट सरळ सिग्नलकडं करायचा आणि मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. वेगाची पाटी आली की तिच्याकडं बोट. स्टेशनातून निघताना घड्याळावर बोट. केबिनमध्ये दुसरं कुणी नाही, ऐकायला कुणी नाही. लेक शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं सांगितलं की जपानी रेल्वेची ही जुनी पद्धत आहे: डोळ्यांनी बघायचं, बोटानं दाखवायचं, तोंडानं बोलायचं, म्हणजे मन दुसरीकडं पळत नाही आणि चूक होत नाही.

मला सज्जनगडची गाडी आठवली. तिथं जाणाऱ्या प्रत्येक साताऱ्याच्या माणसाला ती गोष्ट माहीत असते: लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' कानी पडलं आणि नारायण खरोखर सावध होऊन निघून गेला, त्याचा रामदास झाला. आपण ती गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. त्या काचेमागं उभं राहून मला वाटलं, सावध होण्यासाठी मांडव सोडून पळायलाच पाहिजे असं नाही. रूळ तोच, सिग्नल तेच, तरी प्रत्येक सिग्नल पहिल्यांदा बघावा तसा बघता येतो. तो पोरगा नाम घेत नव्हता, पण नामस्मरणात जे व्हायला हवं असतं आणि माझं बहुतेक वेळा होत नाही, ते त्याचं होत होतं. मी तिथनं हललोच नाही. लेकही हलली नाही. बोगद्यात काचेत आमचे दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसायचे.

गोकुराकुबाशीला गाडी संपते. तिथून केबल कार पाचच मिनिटांत वर नेते आणि पुढं बस. बसला वाहक नव्हता. मधल्या दारानं चढायचं, चढताना यंत्रातून एक नंबरची चिठ्ठी घ्यायची, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पाटीवर त्या नंबराखाली भाडं वाढत जातं. उतरताना तेवढे पैसे आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. म्हणजे आपला टप्पाच. आपल्याकडं सहा किलोमीटरला एक टप्पा. लेकीला मी हे समजावून सांगत होतो आणि ती खरंच मन लावून ऐकत होती. माझ्या कामाबद्दल आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. तिनं विचारलं, "अप्पा, मुक्कामाच्या गाडीत झोप लागायची का हो?" मी सांगितलं, बामणोलीला थंडीत खिडक्यांच्या फटीत कागद कोंबून झोपायचो आम्ही. ती गप्प झाली आणि तिनं माझी चिठ्ठी आपल्या चिठ्ठीबरोबर हातात घेऊन ठेवली.

पहिला थांबा न्योनिन्दो. म्हणजे बायकांचं देऊळ. कोयासानवर बायकांना बंदी होती आणि सरकारनं ती उठवली १८७२ मध्ये. त्याआधी डोंगरावर येणाऱ्या सात वाटांवर बायकांसाठी अशी सात देवळं होती. तिथवर यायचं, तिथंच बसायचं, तिथूनच हात जोडायचे. काही बायका डोंगराच्या कडेकडेनं, एका देवळापासून दुसऱ्यापर्यंत, क्षेत्राला बाहेरून प्रदक्षिणा घालायच्या. सातांपैकी आता हे एकच उरलंय. साधं, काळपट लाकडाचं, आत धूप. लेक तिथं बराच वेळ बसली. मी बाहेर आलो, रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आजी आली असती तर हितंच थांबली असती." माझी आई आयुष्यभर पंढरीला चालत गेली, तिला वारीत कुणी अडवलं नाही. पण दुसरीकडं कितीतरी दारांशी ती थांबली, आणि थांबायचं असतं असंच समजून थांबली. लेक पुढं चालायला लागली आणि आम्ही दोघं गावात शिरलो. त्या रस्त्यावर तिच्या पायांकडं बघताना मला भरून आलं.

आम्ही एका मठात उतरलो होतो. कोयासानवर शंभरावर मंदिरं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक ठिकाणी यात्रेकरूंची सोय होते. जपानात शाकाहारी माणसाचे हाल होतात, कारण भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचं पाणी असतं. लेकीनं जपानीत एक कार्ड छापून आणलं होतं, आम्ही काय खातो, काय खात नाही. मठात त्याची गरजच पडली नाही. तिथलं जेवण कांदा-लसणाशिवायचं. समुद्री शेवाळाचं आणि मशरूमचं पाणी, तिळाचा टोफू, गोठवून वाळवलेला टोफू, भात, लोणचं. सगळं छोट्या छोट्या वाट्यांत. मी साताऱ्याहून कंदी पेढे नेले होते. एक बॉक्स तिथल्या भिक्षूंना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळापर्यंत उचलला, आणि उघडला नाही. उठून आत गेले आणि मूर्तीसमोर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पूजेला गेलो तेव्हा समईच्या उजेडात आमचा पेढ्यांचा बॉक्स दिसला, त्यावर 'सातारा' लिहिलेलं. मी मान खाली घातली, कारण डोळे पुसायचे होते.

त्या पूजेनंतर त्यांनी आम्हाला ध्यानाला बसवलं. समोर भिंतीवर एक चित्र: पांढरं चंद्रबिंब, त्यात कमळ, आणि कमळावर 'अ'. सिद्धम् लिपीतला, आपल्याहून वेगळ्या वळणाचा, पण आपल्याच ब्राह्मी लिपीच्या कुळातला. कोयासान वसवणारे कूकाई ८०४ साली चीनला गेले. तिथं ते भारतातून आलेल्या प्रज्ञा नावाच्या भिक्षूकडं संस्कृत शिकले. मंत्र आणि ही अक्षरं घेऊन दोन वर्षांनी परतले. श्वास सोडताना 'अ' म्हणायचं, एवढंच ध्यान. मी डोळे अर्धे मिटले. शेजारून लेकीचा 'अ' ऐकू येत होता, लांब, सरळ. पाटीवर तिचा हात धरून मीच तो पहिल्यांदा काढला होता. मग थोड्या वेळानं ती आठवणही गेली आणि नुसता आवाज उरला. तिचा कुठला, माझा कुठला, तेही कळेना.

कूकाईंच्या समाधीकडं जाणारी वाट दोन किलोमीटरची आहे, उंच उंच देवदार आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या. वारंवार एकमेकांशी लढलेले जुने सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन तिथं जवळजवळ समोरासमोर आहेत. वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेनं मेलेल्या वाळवीसाठी उभारलेला दगडही आहे. लोक त्याचे फोटो काढून हसत होते. मला संगम माहुली आठवली. कृष्णा-वेण्णेच्या काठी थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही आहे. मेलेल्या जिवाला जागा द्यावी हे कुणाच्या तरी मनात आलं, इथंही, तिथंही. पुढं नदीकाठी ओळीनं मूर्ती आहेत. गेलेल्या माणसांचं नाव मनात घेऊन त्यांच्यावर पळीनं पाणी घालायचं. मी आई-वडिलांसाठी घातलं, माहुलीला घालतो तसंच.

मग पूल. पुलापलीकडं टोपी काढायची, फोटो काढायचा नाही. साडेदहाला नैवेद्य जातो तो आम्ही बघितला. एक भिक्षू पुढं, मागं दोघांनी उचललेली लाकडी पेटी. कूकाई ८३५ मध्ये समाधीला बसले. तेव्हापासून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला ही पेटी जाते. कुणी घाई करत नव्हतं, कुणी जयघोष करत नव्हतं. जेवायची वेळ झालीय, घरातल्या माणसाला वाढायचंय, इतकं ते सरळ होतं. त्रयोदशीला आळंदीत किती गर्दी असते, घंटा होते तेव्हा हजारो माणसं रडतात. माउली १२९६ मध्ये बसले, वय एकवीस. इथं पंधरावीस माणसं होती. पण मला त्या वर्षी आळंदी चुकली असं वाटलं नाही. पेटी आत गेल्यावर लेकीनं माझा हात धरला. ती हरिपाठाला कधी बसली नाही, माळ तिनं घेतली नाही. देवाधर्मात तिला रस नाही, अशी माझी समजूत होती आणि मी तिच्याकडं त्याबद्दल काही मागितलंही नव्हतं.

ती समजूत शेवटच्या दिवशी गेली.

डोंगरावरून खाली कुदोयामापर्यंत एक जुनी पायवाट उतरते, वीसेक किलोमीटरची. २००४ मध्ये जागतिक वारशात घेतलेली. वाटेत दर एकशे नऊ मीटरवर माणसाहून उंच दगडी खांब, पाच थरांचे: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. असे एकशे ऐंशी खांब. यात्रेकरू प्रत्येकाला हात जोडतात. आम्ही पहाटेच निघालो. वारीमुळं मला चालण्याचं काही वाटत नाही, पण उतारावर लेकीचे गुडघे बोलायला लागले. तिची सॅक मागितली तर म्हणाली, "नको अप्पा, तुम्हाला होईल." पुढच्या खांबाशी हात जोडून उभी राहिली आणि न बोलता सॅक माझ्याकडं दिली. मी घेतली, आणि पुढं न होता मागंच चालत राहिलो. वाट तीच शोधत होती.

खाली पोचतो तिथं जिसोन-इन नावाचं देऊळ आहे. कूकाईंची आई मुलाला भेटायला घर सोडून आली. पण डोंगरावर बायकांना जाता येत नव्हतं, म्हणून ती इथंच राहिली, अशी परंपरा आहे. मुलगा महिन्यातून नऊ वेळा या वाटेनं उतरून तिला भेटायला यायचा. ज्या वाटेनं तो आईकडं उतरायचा तीच वाट आम्ही चालून आलो होतो. मला वाटलं, त्या माउलीला मुलगा वर नेऊ शकला नाही, त्याला खाली यावं लागलं. मला माझी लेक वर घेऊन गेली.

देवळाच्या भिंतीशी नवसाच्या लाकडी पाट्या टांगल्या होत्या, आणि पाट्यांवर कापडाचे, कापसाचे छोटे स्तन शिवलेले. सुखरूप बाळंतपणासाठी, दुधासाठी, आणि आता त्या आजारातून बरं होण्यासाठी बायका तिथं नवस करतात. मी जरा बाजूला झालो. लेकीनं एक पाटी विकत घेतली. तिची मावशी तेव्हा आजारी होती. घरातल्या बायका त्याबद्दल माझ्यासमोर हळू आवाजात बोलायच्या आणि मीही कधी विचारलं नव्हतं. लेकीनं पाटी गुडघ्यावर ठेवून मराठीत लिहिलं: "माझ्या मावशीला बरं वाटू दे." खाली मावशीचं नाव लिहिलं, आणि थांबून माझ्याकडं बघितलं. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या नावाखाली माझंही नाव लिहिलं. मग तिनं पाटी टांगली, गाठ घट्ट आहे का ते दोनदा ओढून बघितलं, डोळे मिटून उभी राहिली. एवढ्या निष्ठेनं उभं राहिलेलं माणूस मी वारीतही थोडंच बघितलंय. तिला हा देव ठाऊक होता. आधी ओसाकाला आली होती तेव्हाच तिनं याची माहिती काढून ठेवली होती, हे मला परतीच्या गाडीत कळलं. मला माउलीसाठी आणलं होतं आणि ती स्वतः यासाठी आली होती. दोन्ही मनापासून.

मावशीची ट्रीटमेंट आता संपलीय, तपासण्या चालू आहेत. लेक साताऱ्याला आली की मी तिला पगार, बढती, घरभाडं यांबद्दल आता फारसं विचारत नाही. सकाळी यवतेश्वरच्या घाटानं दोघं चालायला जातो. ती दमली की सॅक देते, मी दमलो की मी देतो. ज्या बेटावर कूकाई जन्मले त्या शिकोकूवर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची जवळजवळ बाराशे किलोमीटरची परिक्रमा आहे. सगळी एका दमात होणार नाही, रजेप्रमाणं तुकड्या-तुकड्यानं करायची. पुढच्या खेपेला तिची आई आणि जमलं तर मावशीही येणार आहे. कुठून सुरू करायचं ते लेकीनं ठरवलंय. मी विचारलेलं नाही.